पॉवर बटण: दांड्यापासून दोन पिनांपर्यंत

राजारामपुरी-शाहूपुरीतल्या दुकानांतून पंधरा-वीस वर्षांपूर्वी जुळवून घेतलेले असेंबल्ड पीसी कोल्हापुरात अजून कामावर आहेत. कुठे बिलिंगला, कुठे मराठी टायपिंगला, कुठे नुसते जुने फोटो सांभाळायला. त्यांच्याबद्दलच्या तीन तक्रारी हमखास ऐकू येतात: बटण दाबून मशीन उठत नाही, बंद केलं तरी परत चालू होतं, आणि लाइट आली की कुणी हात न लावता सुरू होतं. तिन्हींवर निदान एकच होतं, ‘बटण गेलंय’. बटण बदललं जातं आणि तक्रार तशीच राहते. कारण १९९५ मध्ये आलेल्या नव्या पद्धतीच्या पीसीत ते बटण वीज जोडतही नाही आणि तोडतही नाही.

आधी ते खरोखर जोडायचं. १९८१ च्या आयबीएम पीसीला उजव्या बाजूला, मागच्या टोकाला, जाडजूड लाल दांडा होता. तो वर केला की भिंतीतली वीज थेट आत. पुढे एटी नावाच्या पद्धतीच्या कॅबिनेटांनी खटका समोर आणला, पण जात तीच राहिली. एसएमपीएसमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातून, तपकिरी, निळी, काळी आणि पांढरी अशा चार तारा समोरच्या खटक्यापर्यंत यायच्या आणि त्यांतून २३० व्होल्ट वाहायचे. त्या जोडताना चुकलं तर फ्यूज उडायचा किंवा त्याहून वाईट व्हायचं. मदरबोर्डाला, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डाला, पी८ आणि पी९ असे दोन सॉकेट लागत. ते बसवताना काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून ठेवायच्या हा त्या काळच्या कारागिरांचा पहिला धडा. अशा मशीनला स्वतःहून बंद होता येत नसे. म्हणून तर विंडोज ९५ शटडाऊननंतर काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत ‘आता बंद करायला हरकत नाही’ असं सांगून थांबायचं. पुढचं काम माणसाच्या बोटाचं.

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही नवी पद्धत मांडली आणि सूत्र बदललं. मुख्य वीज बंद असतानाही एसएमपीएसचा एक छोटा भाग सतत जागा राहू लागला. तो जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट देतो, त्याला स्टँडबाय म्हणतात. समोरचं बटण मदरबोर्डावरच्या दोन पिनांना क्षणभर जोडतं, बस एवढंच. ते पाहून बोर्डावरची चिप हिरवी तार जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, खेचते. हिरवी खाली गेली की एसएमपीएस बाकीचे व्होल्टेज सोडतं आणि ते स्थिर झाले की १०० ते ५०० मिलिसेकंदांत राखाडी तारेवरून ‘ठीक आहे’ असा निरोप येतो. तो येईपर्यंत प्रोसेसर कामाला लागत नाही. बटणाच्या वाट्याला उरली ती विनंती.

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हा वीज सांभाळण्याचा नियमसंच आणला तेव्हा ती विनंती ऑपरेटिंग सिस्टीमच्या टेबलावर गेली. चालू मशीनचं बटण हलकं दाबलं तर बंद व्हायचं, झोपायचं की दुर्लक्ष करायचं, हे सिस्टीम ठरवते. ती गोठली तर काय, म्हणून ४ सेकंद दाबून धरलं की वीज तुटेल अशी पळवाट हार्डवेअरमध्ये ठेवली. चिन्हातही हा बदल उमटलाय. मागच्या खटक्यावर उभी रेघ आणि गोल असतो, म्हणजे चालू आणि बंद. समोरच्या बटणावर तुटलेल्या वर्तुळात रेघ असते आणि तिचा मूळ अर्थ आहे स्टँडबाय. बहुतेकांना ते नुसतं शोभेचं वाटतं.

आता दुखणं शोधायचं तर याच साखळीने जायचं: बटण, स्टँडबाय, बोर्ड, बायोस (बोर्डावरच्या चिपमधला, मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम), सिस्टीम.

बटणाची परीक्षा एका मिनिटाची आहे. बोर्डावरून ‘पॉवर एसडब्ल्यू’ लिहिलेली दोन पिनांची टोपी काढा आणि त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. इंटेल पद्धतीच्या हेडरवर, म्हणजे पिनांच्या गटात, त्या ६ आणि ८ क्रमांकाच्या पिना असतात. १० क्रमांकाची पिन मुद्दाम गाळलेली असते, त्यावरून दिशा ओळखावी. इतर कंपन्यांच्या जुन्या बोर्डांवर मांडणी वेगळी असते, तिथे बोर्डावरची छापील अक्षरं वाचावीत. मशीन सुरू झालं तर दोष कॅबिनेटच्या बटणात किंवा तारेत. नवं बटण मिळेपर्यंत रीसेटची टोपी पॉवरच्या पिनांवर लावली की काम भागतं, तिला उलटं-सुलटं नसतं.

मशीन सुरू होऊन बरोबर ४ सेकंदांनी बंद पडत असेल तर बटण आत अडकलंय. धूळ आणि पावसाळी दमटपणा यांनी प्लास्टिक चिकटतं, आणि बोर्डाला वाटतं कुणीतरी दाबून धरलंय. पिनांवरची टोपी काढून पाहिली की खात्री होते. पण एका सेकंदाच्या आत पंखा हलून थांबत असेल तर ती वेगळी गोष्ट. कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएस स्वतःला वाचवतंय. अशा वेळी ते अडून बसतं, म्हणून भिंतीतली पिन काढून, बटण १०-१५ सेकंद दाबून उरलेला चार्ज घालवून मगच पुन्हा प्रयत्न करावा. पंखे फिरतात पण पडद्यावर काहीच नाही, तर प्रोसेसरजवळचं चार तारांचं १२ व्होल्टचं सॉकेट आधी पाहावं. पेंटियम ४ बरोबर आलेलं हे सॉकेट सफाईनंतर लावायचं हमखास राहतं.

खरा घोळ स्टँडबायचा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून काळा प्रोब काळ्या तारेला आणि लाल प्रोब जांभळीला लावा. २० पिनांच्या सॉकेटात जांभळी ९ क्रमांकावर आणि हिरवी १४ वर असते. २४ पिनांच्या सॉकेटात जांभळी तिथेच राहते, हिरवी १६ वर जाते. जांभळीवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. हिरवीवर बटण न दाबता साधारण ५ व्होल्ट दिसतात, दाबल्यावर ते ०.८ च्या खाली जायला हवेत. जांभळी ठीक आहे पण हिरवी खाली येत नाही, तर दोष बोर्डाकडे. हिरवी खाली येते पण पंखा हलत नाही, तर एसएमपीएस गेलं. जांभळीवरच ४ किंवा त्याहून कमी दिसत असतील तर पुढचं काही तपासू नये.

स्टँडबाय थकण्याचं कारण बहुधा कपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवणारे छोटे डबीसारखे भाग. स्टँडबायचा भाग भिंतीत पिन लावल्यापासून अखंड चालतो, म्हणून सगळ्यांत आधी म्हातारा होतो. शिवाय २००० नंतरच्या काही वर्षांत बाजारात सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर फार आले, आणि त्या काळातल्या बोर्डांवर माथा फुगलेले, तपकिरी डाग पडलेले कपॅसिटर आजही दिसतात. लक्षण ठरलेलं: डिसेंबरच्या सकाळी चार-पाच वेळा दाबल्यावर उठतं, दुपारी एका दाबात. थंडीत अशा कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो. बोर्डावरचे फुगलेले कपॅसिटर तितक्याच मायक्रोफॅरडचे, तितक्याच किंवा जास्त व्होल्टचे आणि १०५ अंशांचे लावून बदलता येतात. एसएमपीएस उघडण्याचा मात्र नाद करू नये. आत २३० चे ३२५ व्होल्ट डीसी झालेले असतात आणि पिन काढल्यावरही ते काही काळ टिकतात. सरळ नवीन घ्यावं. जुन्या एसएमपीएसवर २३०/११५ चा लाल खटका असेल तर तो २३० वरच आहे ना, हेही एकदा पाहावं, नाहीतर वीज जोडताच स्फोट.

लाइट आल्यावर आपोआप चालू होणं हा बहुतेकदा दोष नसतो. बायोसमध्ये ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा तत्सम नावाची सेटिंग असते, ती ‘ऑफ’ करावी. बदल टिकत नसेल तर बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल पाहा. नवा सेल ३ व्होल्टच्या वर दाखवतो, २.८ च्या खाली गेला की बदलावा. काही बोर्ड सेल पूर्ण मेल्यावर उठतच नाहीत. बटण दाबताच मशीन फाटकन बंद होत असेल तर बायोसमधली ‘सॉफ्ट-ऑफ बाय पॉवर बटन’ ही सेटिंग ‘इन्स्टंट’ वरून ‘४ सेकंद’ वर न्यावी.

बंद करून परत उठणाऱ्या मशीनसाठी आधी नेटवर्क कार्ड, माऊस आणि कीबोर्डची मशीनला जागं करण्याची परवानगी काढून घ्यावी. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शटडाऊन हेही अर्धवट असतं: फास्ट स्टार्टअपमध्ये सिस्टीमचा गाभा हार्डडिस्कवर लिहून ठेवला जातो. जुन्या बोर्डांना ते पचत नाही. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये, बटणांनी काय करायचं ते ठरवण्याच्या पानावर, त्याच्यापुढची खूण काढून टाकता येते. बटणाचा अर्थ ‘झोप’ की ‘बंद’ हेही तिथेच ठरतं. झोपलेल्या मशीनची रॅम जांभळ्या तारेवर जगते. बोर्डावरचा छोटा एलईडी पेटलेला असेल तर रॅम काढू नये.

एप्रिल-मेच्या वळवात तर ‘बंद’ केलेला पीसी वाऱ्यावर सोडू नये. स्टँडबाय भिंतीला जोडलेलंच असतं, आणि एसएमपीएसच्या मागचा खटका बंद केला तरी त्याच्या संपर्कांमधली फट विजेच्या लोळाला फार नसते. गडगडाट सुरू व्हायच्या आत थ्री-पिन आणि लॅन केबल, दोन्ही ओढून काढावीत.