कंपनीच्या मेडिक्लेममध्ये मुलाचं नाव किती वयापर्यंत राहतं?

मार्च उजाडला की आम्हा विमा एजंटांकडे हाच प्रश्न येतो. मुलगा २५ चा होतोय, ऑफिसच्या पॉलिसीत चालेल का?

खासगी कंपन्यांच्या ग्रुप मेडिक्लेमला सगळीकडे लागू होणारी एकच वयोमर्यादा नाही. तुमची कंपनी आणि विमा कंपनी ती ठरवतात. बऱ्याच ठिकाणी २५, काही ठिकाणी २१ किंवा २३. पवई-गोरेगावच्या अमेरिकी कंपन्यांतली मंडळी २६ सांगतात, पण तो तिकडच्या २०१० च्या कायद्यातला नियम. तिथे लग्न झालेला मुलगाही चालतो, इथे सहसा नाही. सीजीएचएसवाल्या (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेतल्या) शेजाऱ्यांचंही ऐकू नका. तिथे मुलीला वयाची अट नाही, फक्त लग्न आणि कमाईची आहे. मुलगा सीएची आर्टिकलशिप करत असेल तर तुमच्या पॉलिसीत स्टायपेंड कमाई धरतात का, हे एचआरकडून लेखी घ्या.

आता खरा घोळ. लोक नाव निघून गेल्यावर येतात.

समजा पॉलिसी १ एप्रिलला सुरू होते आणि मुलगी जूनमध्ये २५ ची होते. काही पॉलिसींत तिचं नाव मार्चअखेरपर्यंत राहतं, काहींत वाढदिवसालाच संपतं. मोबाइलवर टीपीएचं (विमा कंपनीतर्फे क्लेम हाताळणाऱ्या संस्थेचं) ई-कार्ड दिसतंय म्हणून घरचे निर्धास्त असतात. ते जुनं कार्ड फोनमधून कोणी पुसायला येत नाही. कळतं ते हॉस्पिटलच्या कॅशलेस काउंटरवर, ॲडमिशनच्या वेळी.

नाव चालू असताना अर्ज केला तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं. कंपनी अर्ज तपासते, पण ग्रुपमधली सलग वर्षं वेटिंग पीरियडमध्ये (काही आजारांचा क्लेम मिळण्याआधी थांबायच्या काळात) धरली जातात, जुन्या विमा रकमेपुरती. उशीर झाला की तुम्ही नवे ग्राहक. पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, आणि आधीपासूनच्या आजारांना ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. मुलाला दमा असेल तर हे फार जड जातं. मग ‘मागची तारीख टाका ना’ असा आग्रह होतो. ती आम्ही टाकत नाही.

म्हणूनच आम्ही दोन महिने आधी कागद मागतो: पॉलिसीतलं डिपेंडंटचं (तुमच्यावर अवलंबून असलेल्यांचं) कलम, नाव कधीपासून आहे याचा एचआरचा ईमेल, आणि घेतलेल्या क्लेमचा तपशील. नुसता कार्डाचा फोटो पाठवू नका, त्यावरून किती वर्षं सलग कव्हर होतं ते सिद्ध होत नाही. ‘दुसरे एजंट एवढं विचारत नाहीत’ असं ऐकवलं जातं. नसतील विचारत. क्लेम अडकला की फोन मात्र आमचाच वाजतो.

मुलाला नोकरी लागली, तिथे मेडिक्लेम आहे, मग वेगळी पॉलिसी कशाला? नोकरी सुटली की तो मेडिक्लेमही सुटतो, आणि आजकालची पोरं एका जागी किती टिकतात ते तुम्ही जाणताच. पंचविशीत हप्ता कमी बसतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, आधी तो १८ टक्के होता.

मूल दिव्यांग असेल तर काही पॉलिसींत वयाची अट शिथिल असते. प्रमाणपत्र एचआरकडे वय उलटायच्या आधी द्या.

मुलाचं वय २४ पूर्ण झालं असेल तर पॉलिसीची प्रत घेऊन या. कलम वाचून दाखवायचे पैसे आम्ही घेत नाही.