बायपासलगतची संमिश्र संकुले आणि रस्त्यावरचा प्रवेश: पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरात बीड बायपास, पैठण रस्ता आणि जालना रस्ता यांच्या कडेने खाली दुकाने, मधल्या मजल्यांवर कार्यालये किंवा रुग्णालय आणि वर सदनिका अशा संमिश्र वापराच्या संकुलांचे प्रस्ताव येत आहेत. त्यांवरील हरकती वाचल्या तर दोन प्रश्न सतत पुढे येतात: या संकुलामुळे रस्त्यावर किती वाहने वाढतील, आणि ती रस्त्यावर नेमकी कोठून उतरतील. पहिल्या प्रश्नाचे उत्तर गेली जवळपास वीस वर्षे कागदावर मागितले जात आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र बहुतेक वेळा इमारत उभी राहिल्यानंतर, फाटकासमोर कोंडी होऊ लागली की शोधले जाते. हा क्रम कसा पडला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

संमिश्र वापर या शहराला नवा नाही. गुलमंडी, सराफा, शहागंज या भागांत खाली पेढी आणि वर राहती जागा हीच रीत होती आणि आजही बऱ्याच अंशी आहे. फरक इतकाच की तेथील गिऱ्हाईक पायी किंवा टांग्याने येत असे आणि दुकानाचा उंबरा थेट गल्लीत उघडत असला तरी गल्लीतून भरधाव काही जात नसे. 1900 च्या सुमारास रेल्वे आली आणि स्थानक जुन्या वस्तीपासून दूर दक्षिणेला राहिले, तेव्हा शहराचा पहिला लांब सरळ रस्ता महत्त्वाचा झाला. पुढे चिकलठाणा आणि वाळूज या औद्योगिक वसाहती शहराच्या दोन टोकांना वाढल्या, 1970 च्या दशकापासून पूर्वेकडे नियोजित निवासी क्षेत्रे आखली गेली आणि जालना रस्ता शहराचा कणा बनला. या रस्त्याला समांतर असा दुसरा सलग, रुंद रस्ता वेळेत तयार झाला नाही. आजच्या अनेक तक्रारींचे मूळ तेथे आहे.

बीड बायपासची कथा अधिक बोलकी आहे. सोलापूर-धुळे महामार्गावरची (जुना क्रमांक 211, फेरक्रमांकनानंतर 52) जड वाहतूक शहरात शिरू नये म्हणून झाल्टा फाट्यापासून पैठण रस्त्यावरील महानुभाव आश्रम चौकापर्यंतचा हा रस्ता वापरात आला, तेव्हा त्याच्या दक्षिणेला सातारा आणि देवळाई ही गावे आणि त्यांची शेती होती. शहरातील जागेचे भाव वाढले तसे लोक बायपास ओलांडून पलीकडे गेले. प्रथम गुंठेवारीचे (मंजुरीविना गुंठ्या-गुंठ्याने विकलेले) तुकडे पडले, मग अपार्टमेंट उभी राहिली, त्यांच्या आधीच मंगल कार्यालये आणि लॉन्स आली होती. सातारा-देवळाई परिसर 2015 मध्ये महापालिका हद्दीत आला, तोपर्यंत तेथील बहुतेक अंतर्गत रस्ते ज्याने-त्याने आपल्या रेखांकनात सोडलेल्या पट्ट्या जोडून झालेले होते. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने अशा वस्त्या नियमित करण्याची वाट उघडली आणि 2021 च्या दुरुस्तीने त्यासाठीची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली. घरे नियमित झाली, परंतु त्यांच्या गल्ल्या बायपासला जेथे मिळतात ती तोंडे होती तशीच राहिली.

परिणामी बायपास हा एकाच वेळी महामार्गाचा तुकडा, वस्तीचा मुख्य रस्ता आणि शाळेच्या मुलांचा रोजचा ओलांड अशी तीन कामे करू लागला. अपघात वाढल्यावर ठरावीक वेळांत जड वाहनांना बंदी, गतिरोधक, दुभाजक असे उपाय झाले. पुढे रुंदीकरण होऊन देवळाई चौक, संग्रामनगर अशा ठिकाणी उड्डाणपूल उभे राहिले आणि दूरच्या जड वाहतुकीसाठी निपाणी ते करोडी असा नवा बाह्यवळण रस्ता तयार झाला. बाह्यवळणालाच बाह्यवळण लागले, एवढ्यावरून आधीच्या आखणीचे मूल्यमापन ज्याचे त्याने करावे.

नियमांच्या बाजूने पाहिले तर महामार्गालगत बांधकाम कोठवर यावे, याचा विचार फार जुना आहे. राज्याच्या 1955 च्या महामार्ग कायद्यात इमारत रेषा (जिच्या पुढे रस्त्याकडे इमारत येऊ नये) आणि नियंत्रण रेषा (जिच्या आत बांधकामावर नियंत्रण असते) ठरवण्याची तरतूद आहे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या 1980 च्या मानकानुसार मोकळ्या सपाट प्रदेशात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांसाठी इमारत रेषांमधले एकूण अंतर 80 मीटर आणि नियंत्रण रेषांमधले 150 मीटर, म्हणजे मध्यापासून अनुक्रमे 40 आणि 75 मीटर असावे. वस्तीच्या भागात मात्र हेच बंधन रस्त्याच्या हद्दीपासून 3 ते 6 मीटरवर येते. अर्थात, एखादा भाग ‘वस्ती’ ठरला की मोकळ्या रानातली शिस्त आपोआप सैल होते, आणि बायपासच्या कडेला वस्ती बायपासमुळेच येत असते.

वाहतुकीच्या भाराचा प्रश्न अधिकृत कागदावर आला तो पर्यावरणाच्या वाटेने. 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांना पूर्वपरवानगी लागू झाली. तिच्यासोबतच्या बांधकाम प्रकल्पांच्या अर्जनमुन्यात वाहनतळाची टंचाई होईल का, सध्याची वाहतूक व्यवस्था कशी आहे आणि प्रकल्पाच्या प्रवेश व निर्गमनाच्या ठिकाणी वाहतुकीचे नियोजन कसे असेल, हे विचारलेले आहे. हा प्रश्न ‘हवा’ या प्रकरणात, धूळ आणि धुराच्या शेजारी बसवलेला आहे. फाटकातून बाहेर पडणाऱ्या मोटारीचा विचार तिच्या धुरासाठी झाला, तिला समोरून येणारा ट्रक दिसतो का यासाठी तितका नाही, ही बाब नमुन्याच्या रचनेतच दिसते. शिवाय 20,000 चौरस मीटरच्या खालचे प्रकल्प या चाळणीत येतच नाहीत, आणि मराठवाड्यातील जालना, बीड, परभणी, लातूर, नांदेड या शहरांत रस्त्याच्या कडेची व्यापारी-निवासी संकुले बहुधा या मर्यादेच्या खालची असतात.

खरी गुंतागुंत आहे ती रस्त्याच्या रुंदीची. डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने राज्यातील बहुतेक शहरांसाठी अनुज्ञेय बांधकाम थेट समोरच्या रस्त्याच्या रुंदीशी जोडले. दाट वस्तीबाहेरच्या भागात मूळ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येते तो आकडा, 1.10 आहे. प्रीमियम (शुल्क भरून मिळणारा एफएसआय) आणि टीडीआर (सोडलेल्या जागेच्या बदल्यात मिळणारा हस्तांतरणीय बांधकाम हक्क) धरून तो 15 ते 24 मीटर रस्त्यावर 2.50, 24 ते 30 मीटरवर 2.75 आणि 30 मीटर किंवा अधिक रुंदीच्या रस्त्यावर 3.00 पर्यंत जातो, आणि त्यावर पूरक एफएसआय, निवासी वापराला 60 टक्के आणि अन्य वापराला 80 टक्क्यांपर्यंत, वेगळा मिळतो. यामागचे तत्त्व योग्यच आहे, कारण जितका रुंद रस्ता तितका जास्त भार तो पेलू शकतो. प्रश्न आहे तो कोणती रुंदी मोजायची याचा. नियमावलीच्या व्याख्येनुसार नव्या रस्त्याच्या बाबतीत नगर भूमापन नकाशात, विकास आराखड्यात किंवा कायद्याने ठरवलेल्या रस्तारेषेत दाखवलेल्या हद्दींमधले संपूर्ण अंतर, रस्त्याच्या दिशेशी काटकोनात मोजलेले, म्हणजे त्याची रुंदी. आराखड्यात 30 मीटरहून रुंद दाखवलेल्या पट्ट्यात दोन्ही बाजूंचे सर्व्हिस रोड, पदपथ आणि नाल्या धरलेल्या असतात. जागेवर मात्र अनेक ठिकाणी मधला डांबरी भागच असतो, आणि सर्व्हिस रोडच्या पट्टीवर टायरचे दुकान, रसवंती, रोहित्राचा चौथरा किंवा जुन्या बांधकामाचा पुढचा भाग उभा असतो.

एका हेक्टरच्या भूखंडाचा हिशोब केला तर मुद्दा स्पष्ट होतो. आराखड्यातील रुंदी धरून 3.00 मिळाला तर पूरक एफएसआय सोडून 30,000 चौरस मीटर बांधता येते. प्रत्यक्ष वापरात असलेला रस्ता समजा 18 मीटर आहे आणि तोच धरला, तर मर्यादा 25,000 वर येते. मधले 5,000 चौरस मीटर म्हणजे मध्यम आकाराच्या साठ-सत्तर सदनिका किंवा एक बरेच मोठे दुकानसंकुल. त्यांची वाहने कागदावरच्या सर्व्हिस रोडच्या भरवशावर मंजूर होतात आणि पहिल्या दिवसापासून मुख्य रस्त्यावर उतरतात.

विकासकांची बाजू अशी की रुंदीकरणाखालची पट्टी तेच रोख मोबदला न घेता हस्तांतरित करतात. त्या बदल्यात मिळणारा एफएसआय किंवा टीडीआर हा मोबदला आहे, सवलत नव्हे, आणि शेजारच्याने जागा सोडली नाही किंवा यंत्रणेने सोडलेल्या जागेवर डांबर टाकले नाही, तर त्याची शिक्षा जागा सोडणाऱ्याला कशासाठी. प्रत्यक्ष रुंदीच मोजायची ठरवली तर पुढे कोणी पट्टी सोडणारच नाही, हाही युक्तिवाद केला जातो आणि तो सहज खोडता येत नाही. नियोजन यंत्रणांनी आजवर बहुतेक वेळा हीच बाजू मान्य केली आहे. अडचण अशी की सोडलेली पट्टी एका संकुलापुरती, साठ-सत्तर मीटरची असते. तिच्या दोन्ही टोकांना कुंपण असते. अशा तुटक पट्ट्या सर्व्हिस रोड होत नाहीत. त्या संकुलाचे जादा वाहनतळ होतात आणि संध्याकाळी तेथे पाणीपुरीच्या गाड्या लागतात. भोगवटा प्रमाणपत्र देताना सर्व्हिस रोड जवळच्या चौकापर्यंत सलग झाला आहे का, हे पाहण्याची अट टप्प्याटप्प्याने घालता आली असती. ती घातली गेली नाही, हाच या साऱ्या प्रकरणातील वादग्रस्त निर्णय आहे.

या वादापुढे वाहतूक अभ्यास दुय्यम ठरतो, तरी त्यातील एक-दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. वाहने मोजून ती कारच्या पटीत बदलली जातात. शहरी रस्त्यांच्या क्षमतेविषयीच्या रस्ते काँग्रेसच्या 1990 च्या मानकात, एकूण वाहतुकीतील प्रमाणानुसार, दुचाकीला 0.5 किंवा 0.75, ट्रक-बसला 2.2 किंवा 3.7 आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीला 4 किंवा 5 असा गुणक आहे. चौपदरी दुभाजित प्रमुख रस्त्यासाठी दोन्ही दिशा मिळून ताशी 3,600 कारएकके हा आधार धरला जातो. मोजणी कोणत्या महिन्यात केली, यावर मराठवाड्यात उत्तर बदलते. गाळप हंगामात पैठण रस्त्यावरून दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर जातात. जून महिन्यात ते नसतात, आणि शाळा पुरत्या भरलेल्या नसतात. बायपासवरची सर्वांत मोठी गर्दी तर सकाळच्या कार्यालयीन वेळेत नसून दाट लग्नतिथीच्या संध्याकाळी असते, जेव्हा लॉन्ससमोर वरात, बँडची गाडी आणि राँग साइडने येणारे पाहुणे एकाच वेळी जमतात. नेहमीच्या मंगळवारी केलेली मोजणी यातले काहीच पकडत नाही.

प्रवेशाच्या सुरक्षेचा हिशोब याहून साधा आहे. ताशी 80 किलोमीटर वेगाच्या वाहनाला थांबण्यासाठी 120 मीटर दृष्टिअंतर लागते, 60 किलोमीटरला 80 मीटर. फाटकाच्या बाजूला फलकाची कमान, उभा टेम्पो किंवा उड्डाणपुलाच्या चढाची भिंत असेल तर एवढे दिसत नाही. तळघरातील वाहनतळाचा रॅम्प थेट हद्दीपाशी संपत असेल तर चालकाला नाक वर आणि डोळे आभाळाकडे अशा स्थितीत रस्त्यावर यावे लागते. फाटकाचा आडवा दांडा हद्दीपासून 6 मीटर आत असेल तर तेथे एकच मोटार मावते. रखवालदार नोंदवहीत नाव लिहीत असताना दुसरी मोटार मुख्य रस्त्यावर थांबते. राष्ट्रीय महामार्गांलगतच्या खासगी मालमत्तांसाठी 2013 आणि नंतर 2020 मध्ये काढलेल्या निकषांत वेग कमी करण्याची आणि वाढवण्याची वेगळी मार्गिका अपेक्षित आहे. परंतु रस्ता एका यंत्रणेचा, बांधकाम परवानगी दुसऱ्या यंत्रणेची आणि वाहतूक नियमन तिसऱ्याचे असल्यावर हे निकष कोणाच्या टेबलावर तपासले जातात, हे ठरावीक नसते.

दुभाजकातील ‘पंक्चर’ हा याचाच पुढचा भाग. संकुल भरले की समोर दुभाजक उघडून मिळावा, अशी मागणी रहिवासी आणि दुकानदार एकत्र करतात, आणि ती कधी परवानगीने, कधी रात्रीतून पूर्ण होते. दीड मीटर रुंदीच्या दुभाजकात वळणासाठी थांबलेल्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली उजव्या, वेगवान मार्गिकेत आडवी राहते. जालना रस्त्यावर काही चौकांतील थेट ओलांड बंद करून वाहनांना पुढच्या यू-टर्नकडे पाठवण्याचा मार्ग वाहतूक नियमन करणाऱ्यांनी स्वीकारला. वाहनांचा प्रवाह त्यामुळे सुधारतो, मात्र रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याचा विचार त्यात मागे पडतो. यू-टर्न लांब असला की दुचाकीस्वार उलट दिशेने येतात, हे वेगळे सांगायला नको.

अलीकडच्या घडामोडींनी या जुन्या प्रश्नाला वेगळे वळण दिले आहे. समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये आणि संपूर्ण 701 किलोमीटर जून 2025 मध्ये खुला झाला. त्याला कोणत्याही खासगी मालमत्तेचा थेट प्रवेश नाही, त्यामुळे सावंगी आणि माळीवाडा येथील चढ-उताराच्या ठिकाणांकडे जाणाऱ्या साध्या रस्त्यांवर जमिनीचे व्यवहार एकवटले आहेत, म्हणजे प्रवेशाचा प्रश्न तेथे सरकला आहे. शेंद्रा-बिडकीन या नियोजित औद्योगिक नगरीत निवास, व्यापार आणि कारखाने शेजारी ठेवून आतले रस्ते आधी बांधले गेले, ते उदाहरण जवळ असूनही जुन्या शहराच्या कडेला त्याचा क्रम उचलला गेला नाही. महापालिका क्षेत्राचा सुधारित विकास आराखडा आधी न्यायालयीन वादात अडकला आणि नव्याने केलेले प्रारूप 2024 मध्ये प्रसिद्ध झाले.

जून-जुलै 2025 मध्ये मुकुंदवाडीपासून सुरू झालेल्या मोहिमेत जालना रस्ता, बीड बायपास, पैठण रस्ता या मार्गांच्या आराखड्यातील रुंदीत येणारी बांधकामे मोठ्या प्रमाणावर पाडली गेली. ज्यांची दुकाने गेली त्यांच्या मोबदल्याचे आणि कागदपत्रांचे प्रश्न वेगळे आणि गंभीर आहेत. प्रवेशाच्या दृष्टीने पाहता, बऱ्याच लांबीवर सर्व्हिस रोडची पट्टी प्रथमच मोकळी दिसली. तिच्यावरचे विजेचे खांब, रोहित्रे आणि जलवाहिन्या हलवणे, पावसाळी नाली घालणे आणि डांबरीकरण करणे ही कामे त्या पाडकामाच्या पुढची आहेत, आणि या मार्गांवरील नव्या संकुलांना बांधकाम परवानगी देताना आराखड्यातील पूर्ण रुंदी धरली जाते ती याच पट्टीसह.