तेव्हा तो सगळ्यांना आवडायचा

नोव्हेंबर २०११, इंग्लंडमधलं लीड्स शहर. एका जुन्या मोठ्या हॉटेलात सोनेरी रंगाची शवपेटी ठेवलेली, शेजारी त्या माणसाने ओढलेला शेवटचा सिगार, आणि लोक रांगा लावून येतायत, हजारोंनी, कोणी फुलं घेऊन, कोणी डोळे पुसत. पेटीत होता जिमी सॅव्हिल. बीबीसीचा स्टार, पांढरे लांब केस, चकचकीत ट्रॅकसूट, गळ्यात सोन्याच्या साखळ्या, हॉस्पिटलांसाठी आणि संस्थांसाठी कोट्यवधी पौंड जमवणारा, १९९० मध्ये राणीकडून 'सर' झालेला.

अकरा महिन्यांनी, ३ ऑक्टोबर २०१२ ला, आयटीव्ही या चॅनलवर त्याने केलेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल एक डॉक्युमेंटरी लागली आणि पुढच्या काही दिवसांत सगळा डोलारा कोसळला. जानेवारी २०१३ मध्ये पोलिसांचा रिपोर्ट आला त्यात आकडा होता ४५० लोकांचा, जे सॅव्हिलबद्दल काही ना काही सांगायला पुढे आले होते. २१४ गुन्ह्यांची नोंद झाली, १९५५ पासून २००९ पर्यंतच्या, आणि त्रास झालेल्यांपैकी बहुतेक जण तेव्हा १८ च्या आतले होते, काही तर अगदी लहान. तोपर्यंत त्याची कबर सुद्धा शिल्लक राहिली नव्हती, म्हणजे दगड काढून टाकलेला.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त इंटरेस्ट त्या रांगेतल्या लोकांमध्ये आहे. ते काय बघत होते? कारण आज कोणालाही विचारा, उत्तर एकच, "अहो तो तर बघूनच विकृत वाटायचा". मग रांगेत कोण उभं होतं?

मी घरातल्या घरात एक टाइमपास प्रयोग केला. सत्तरच्या दशकातली त्याची एक छोटी क्लिप, लहान मुलांसोबत गप्पा मारतानाची, मावसबहिणीला दाखवली. तिला हा माणूस कोण हे माहीतच नव्हतं. ती हसली, म्हणाली, "भारी आहे हा म्हातारा, केस काय ते!" मग तीच क्लिप तिच्या नवऱ्याला दाखवली, त्याला सगळी केस माहीत होती. तो म्हणाला, "ईई, डोळे बघ ना त्याचे." क्लिप तीच, डोळे तेच. अर्थात दोन माणसांवरून विज्ञान होत नाही, पण हे ज्याने नीट करून दाखवलं त्याचं नाव बारुक फिशहॉफ, साल १९७५.

त्याने लोकांना १८१४ च्या इंग्रज आणि गुरखा युद्धाची माहिती वाचायला दिली, फार कोणाला शेवट माहीत नसतो म्हणून हे युद्ध निवडलेलं. शेवट चार होऊ शकत होते. काहींना शेवट सांगितलाच नाही, बाकीच्या प्रत्येक गटाला वेगवेगळा शेवट खरा म्हणून सांगितला. मग विचारलं की सुरुवातीची माहिती बघता कुठला शेवट किती शक्य वाटतो. ज्या गटाला जो शेवट सांगितला होता त्यांना तोच आधीपासून दिसत होता असं वाटायला लागलं. आणि पुढे त्याने "तुम्हाला शेवट माहीतच नाही असं समजून सांगा" असं बजावून पण बघितलं, तरी लोकांना ते जमलं नाही. याला हाइंडसाइट बायस म्हणतात, मराठीत आपण पश्चातबुद्धी म्हणतो. फक्त आपल्याकडे ती टोमणा म्हणून वापरतात, इथे ती मेंदूची रोजची सवय आहे. निकाल कळला की जुनी आठवण त्या निकालाला जुळवून घेते, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून "मला आधीच डाऊट होता" म्हणणारी बरीच माणसं खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच तसं आठवत असतं.

बरं, चेहऱ्यावरून कळतं म्हणणाऱ्यांसाठी अजून एक आकडा. २००६ मध्ये चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या दोघांनी कोण खोटं बोलतंय हे ओळखायला लावणारे जुने सगळे प्रयोग एकत्र मांडले, चोवीस हजारांवर लोकांनी दिलेली उत्तरं होती त्यात. बरोबर ओळखण्याचं सरासरी प्रमाण निघालं ५४ टक्के. नाणं उडवलं तर ५० येतात. आणि ही माणसं तर मुद्दाम खोटं ओळखायलाच बसली होती, आपण इथे टीव्हीवर, एडिट होऊन आलेलं, लाईट लावून शूट केलेलं बघून माणूस ओळखायच्या गोष्टी करतो.

मग त्या रांगेतल्या लोकांना जे दिसत होतं ते नक्की काय होतं?

पहिलं आणि सगळ्यात गाजलेलं कारण म्हणजे हॅलो इफेक्ट. फोनवरचं हॅलो नव्हे, हे हॅलो म्हणजे देवाच्या मूर्तीमागे असते ती प्रभावळ. एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये हे लिहिलं. सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्यांना मार्क दिले होते, शरीरयष्टीचे वेगळे, बुद्धीचे वेगळे, नेतृत्वाचे वेगळे, स्वभावाचे वेगळे. थॉर्नडाइकला दिसलं की एकात चांगले मार्क म्हणजे सगळ्यातच चांगले, जे तसं असायचं काही कारण नाही. देखणा आणि ताठ उभा राहणारा माणूस प्रामाणिक पण असणार असं धरूनच चालले होते सगळे.

१९७७ चा निस्बेट आणि विल्सनचा प्रयोग मला त्याहून आवडतो. एकाच प्राध्यापकाच्या दोन मुलाखती शूट केल्या, एकीत तो प्रेमळ, एकीत खडूस. उच्चार बेल्जियन, दोन्हीकडे सेम. प्रेमळ व्हिडिओ बघणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याचे उच्चार गोड वाटले, दिसणं पण आवडलं, खडूस बघणाऱ्यांना तेच उच्चार कानाला टोचले. आणि गंमत पुढे आहे, त्यांना विचारलं की माणूस आवडला नाही म्हणून उच्चार आवडले नाहीत का, तर म्हणे नाही नाही, उलट उच्चारांमुळेच माणूस आवडला नाही. म्हणजे प्रभावळ आपण स्वतःच लावतो आणि वर म्हणतो की ती आधीपासूनच तिथे होती.

पण एवढ्यावर भागत नाही असं मला वाटतं. नुसतं "देखणा म्हणून चांगला वाटला" हे सॅव्हिलला लागूच पडत नाही, तो काही देखणा नव्हता. त्याच्याकडे होता रोल. १९७५ ते १९९४ त्याचा मुलांसाठीचा एक शो चालायचा, त्यात मुलं पत्र लिहून इच्छा कळवायची आणि शो ती पूर्ण करायचा, शेवटी गळ्यात मेडल. आता पत्रं कोण निवडणार, फोनाफोनी कोण करणार, गाड्या कोण ठरवणार, प्रॉडक्शनची टीम. तो खुर्चीत बसून मेडल घालायचा. पण घराघरात काय पोचलं, तर जिमी मुलांच्या इच्छा पूर्ण करतो.

याच्यावर अगदी बेतल्यासारखा एक प्रयोग आहे, पुन्हा १९७७ चाच, स्टॅनफर्डमध्ये ली रॉस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेला. दोघांची जोडी, चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं कोण प्रश्न विचारणार आणि कोण उत्तर देणार. विचारणाऱ्याने स्वतःला जे अवघड माहीत आहे त्यातूनच प्रश्न काढायचे, म्हणजे समोरचा अडखळणार हे उघड आहे ना. तरी शेवटी उत्तर देणाऱ्याला आणि बाजूला बसून बघणाऱ्यांना वाटलं की प्रश्न विचारणाऱ्यालाच जास्त माहिती आहे. खुर्ची कोणाला मिळाली ते सगळ्यांसमोर ठरलं होतं हो! तरी खुर्चीचं श्रेय माणसाला गेलं. टीव्हीवर तर खुर्ची कशी मिळाली हेही दिसत नाही.

अमेरिकन कॉमेडियन आणि टीव्ही स्टार बिल कॉस्बीचं हेच. १९८४ ते १९९२ तो पडद्यावर डॉक्टर बाप होता, समजूतदार, विनोदी, मुलांना प्रेमाने ओरडणारा, आणि अमेरिका त्याला 'अमेरिकेचा बाप' म्हणायला लागली. तो बाप स्क्रिप्टमधला होता हे काय कोणाला माहीत नव्हतं? होतं की. पण आठ वर्षं दर आठवड्याला घरात येणारा माणूस मेंदूच्या हिशोबात ओळखीचा होतो. होर्टन आणि वोल या दोघांनी १९५६ मध्येच याला नाव दिलं होतं, पॅरासोशल, म्हणजे एकतर्फी ओळख. तुम्हाला त्याचं हसणं, त्याचे स्वेटर सगळं पाठ, त्याला तुम्ही जगात आहात हे पण माहीत नाही. आणि ओळखीच्या माणसाबद्दल कोणी वाईट बोललं तर आपण आधी बोलणाऱ्याकडे संशयाने बघतो, हा तर रोजचा अनुभव आहे.

आता येतो तो भाग ज्यावर लोक फार बोलत नाहीत. कुजबुज होतीच. सॅव्हिलबद्दल बीबीसीत होती, हॉस्पिटलात होती, तो स्वतः त्याच्यावर जोक मारायचा. म्हणजे माहिती अजिबात नव्हती असं नाही, ती मुरवली जात होती. त्याचा विचित्रपणा सगळ्यांना दिसत होता, पण त्याला 'विक्षिप्त आहे तो' असा डबा तयार होता, आणि काहीही खटकलं की त्या डब्यात टाकलं, झाकण लावलं, झालं. मला वाटतं साध्या गुळगुळीत चांगल्या माणसापेक्षा हा जास्त सेफ असतो, कारण गुळगुळीत माणसावर डाग उठून दिसतो, याच्या अंगावर आधीच रंगीबेरंगी ठिपके.

मग लोक गप्प का? भीती, नोकरी, पैसा हे आहेच. पण लाटाने आणि डार्ली यांचा १९६८ चा धुराचा प्रयोग आठवतो. खोलीत बसून फॉर्म भरायचा, आणि भिंतीतल्या फटीतून धूर यायला लागतो. एकटा माणूस असेल तर ७५ टक्के जणांनी बाहेर जाऊन सांगितलं. सोबत दोन जण असे बसवले की जे मुद्दाम शांत राहून फॉर्मच भरत बसतात, तर फक्त १० टक्के. बाकीचे डोळे चोळत, खोकत, धूर हाताने बाजूला करत लिहीत राहिले! प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघून ठरवतो की काही नसणार, आणि दुसरा आपल्याकडे बघून तेच ठरवत असतो. एखाद्या स्टुडिओत शंभर जणांना एकेकट्याला डाऊट असू शकतो आणि तरी शंभर जणांचं मिळून मत 'काही नसेल' असं होऊ शकतं.

कॉस्बीचं बिंग ज्या पद्धतीने फुटलं त्यात हे अगदी स्पष्ट दिसतं. २००५ मध्ये एका बाईने त्याच्याविरुद्ध पोलिसांत लैंगिक अत्याचाराची तक्रार केली, सरकारी वकिलाने केस चालवली नाही. तिने सिव्हिल दावा लावला तेव्हा अजून १३ जणी साक्ष द्यायला तयार होत्या, २००६ मध्ये तो दावा पैसे देऊन मिटला. हे छापून आलं होतं. कोणाला काही वाटलं नाही, त्याला पुरस्कार मिळत राहिले. मग ऑक्टोबर २०१४ मध्ये हॅनिबल बुरेस नावाच्या कॉमेडियनने फिलाडेल्फियात स्टेजवर ते बोलून दाखवलं, वर म्हणाला गूगल करा, कोणीतरी मोबाईलवर शूट केलं आणि व्हिडिओ पसरला. नवीन माहिती शून्य. फक्त आता सगळ्यांना माहीत झालं की सगळ्यांना माहीत आहे. (तेरा बायका तयार होत्या ते चाललं नाही आणि एका पुरुषाचा जोक चालला, हे मला अजून पचलेलं नाही.) पुढे पन्नासहून जास्त बायका बोलल्या. २०१८ मध्ये तो दोषी ठरला, २०२१ मध्ये तो निकाल कायदेशीर प्रक्रियेच्या मुद्द्यावर रद्द झाला, आणि २०२२ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात सिव्हिल ज्यूरीने त्याला जबाबदार धरलं.

चांगली कामं हा पण एक वेगळाच विषय आहे. रोल्फ हॅरिस हा टीव्हीवरचा लाडका चित्रकार, त्याने १९८५ मध्ये मुलांनी नको त्या स्पर्शाला नाही कसं म्हणावं यावर व्हिडिओ केला होता, आणि २०१४ मध्ये तोच मुलींवरच्या अत्याचारांसाठी दोषी ठरून जेलमध्ये गेला. आपण म्हणतो ढोंग. पण चांगल्या कामाने बघणाऱ्याचे डोळे दिपतात एवढंच होत नाही, दारं पण उघडतात. सॅव्हिलला स्टोक मँडविल हॉस्पिटलमध्ये स्वतःचं ऑफिस होतं, राहायला खोली होती, कारण तिथलं मणक्याच्या पेशंटचं सेंटर त्याने जमवलेल्या पैशावर उभं राहिलेलं. त्याला हटकायचं म्हणजे ज्याने छप्पर बांधून दिलं त्यालाच दारात अडवायचं.

आणि १ ऑक्टोबर २००९ ला सरे पोलिस त्याची चौकशी करायला गेले तेव्हा ती चौकशी झाली कुठे, तर त्याच हॉस्पिटलमधल्या त्याच्याच ऑफिसात. तो आपल्या जागेवर, पोलिस पाहुणे. तो निवांत होता, सगळं नाकारलं, पैशासाठी लोक काहीही बोलतात म्हणाला. तक्रारी एकूण चार होत्या, तीन सरे पोलिसांकडे आणि एक ससेक्स पोलिसांकडे. पण बायकांना एकमेकींबद्दल सांगितलंच नव्हतं. प्रत्येकीला वाटत होतं आपण एकटीच आहोत, आणि एकटीने त्या माणसासमोर कोर्टात उभं राहायची कोणाची तयारी नव्हती. नंतर अ‍ॅलिसन लेविट या वकील बाईंनी सगळी कागदपत्रं तपासली आणि २०१३ च्या जानेवारीत लिहिलं की त्यांना एकमेकींबद्दल कळलं असतं तर त्या बहुतेक साक्ष द्यायला उभ्या राहिल्या असत्या.

तशी ती फाईल त्याच ऑक्टोबरमध्ये बंद झाली. दोन वर्षांनी त्या हॉटेलबाहेर रांग लागली.