गच्चीवरून रामकुंड दिसतं, तरी कॅमेऱ्याचं चित्र का अडतं?

सिंहस्थ जवळ आला की नाशकात दोन आकड्यांची चर्चा रंगते: भाविक किती येणार आणि कॅमेरे किती बसणार. पहिल्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. दुसऱ्याबद्दल आहे. खांबावर टांगलेल्या कॅमेऱ्याचं चित्र नियंत्रण कक्षापर्यंत कसं पोचणार, हे फारसं कुणी विचारत नाही.

कॅमेरे हवेतच. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा जीव गेला. चौरस मीटरमागे पाच-सहा माणसं झाली की माणूस स्वतःच्या मर्जीनं चालत नाही, गर्दी त्याला नेते. आणि ही दाटी गर्दीत उभ्या असलेल्या पोलिसाला कळत नाही, ती वरूनच दिसते. (चोऱ्यामाऱ्यांचं म्हणाल, तर चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा २०१९ मध्ये आढावा घेतला गेला. कॅमेऱ्यांनी गुन्हे सरासरी १३ टक्के घटले, त्यात वाहनतळांवर सगळ्यात जास्त. हिंसक गुन्ह्यांवर ठळक परिणाम आढळला नाही. ‘कॅमेरा बसला, आता चिंता नाही’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.)

पंचवटीच्या बोळांमध्ये आणि दगडी घाटांवर खोदून फायबर टाकणं जिकिरीचं असतं. शिवाय मेळ्यापुरत्या उभ्या केलेल्या खांबांसाठी रस्ता कोण फोडणार? म्हणून शेवटचा टप्पा वायरलेस. कॅमेऱ्याजवळ एक छोटा अँटेना, दूरच्या उंच इमारतीवर दुसरा, दोघांची तोंडं एकमेकांकडे. बहुतेक वेळा ही यंत्रं ५.८ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या रेडिओ लहरींवर बोलतात, कारण २०१८ पासून आपल्याकडे या पट्ट्याला परवाना लागत नाही.

इथेच तो लाडका गैरसमज येतो. गच्चीवर उभं राहायचं, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, “समोर खांब दिसतोय ना, मग लिंक लागणारच!”

नाही लागत. निदान धड लागत नाही. प्रकाशाच्या लहरी इतक्या आखूड असतात की आपल्याला दृष्टी ही एक सरळ रेघ वाटते. ५.८ गिगाहर्ट्‌झची लहर मात्र सुमारे ५.२ सेंटिमीटर लांबीची. तिला रेघ पुरत नाही, तिला अंगाभोवती जागा लागते. किती, ते शाळेतल्या पायथागोरसनं काढता येतं.

रामकुंड ते तपोवन हे अंतर ढोबळमानानं दोन किलोमीटर धरू. एक लहर सरळ गेली: २००० मीटर. दुसरी मध्यावर ५ मीटर ८ सेंटिमीटर बाजूला सरकून मग ठिकाणावर पोचली. म्हणजे दोन काटकोन त्रिकोण, प्रत्येकाची एक बाजू १००० मीटर, दुसरी ५.०८. कर्ण काढा: १०००.०१२९. दोन्ही मिळून २०००.०२५८ मीटर. पाच मीटरचा वळसा घेऊनही जादा वाट फक्त २.५८ सेंटिमीटर! आणि ही बरोबर अर्धी लहर आहे. एवढं अंतर जास्त चालून आलेली लहर सरळ आलेल्या लहरीच्या उलट्या ठेक्यात पोचते. त्याच्या आतल्या वाटांनी आलेल्या लहरी मात्र कमी-अधिक प्रमाणात एकमेकींना साथ देतात. या साथ देणाऱ्या सगळ्या वाटा मिळून पखवाजासारखा आकार होतो, टोकांना निमुळता आणि मध्ये फुगीर. आपल्या उदाहरणात पोटाशी त्याचा व्यास दहा मीटर, म्हणजे तीन मजली इमारतीएवढा. याला पहिला फ्रेनेल झोन म्हणतात.

आता या झोनमध्ये खालून एखाद्या इमारतीची कड वर येत येत बरोबर मधल्या रेषेला टेकली, असं समजा. समोरचा खांब अजून दिसतोय. पण खालच्या अर्ध्या लहरी अडल्या, त्यामुळे लहरीची उंची निम्मी झाली आणि शक्ती उंचीच्या वर्गानुसार बदलते म्हणून ती चौथाई. डोळ्याला शंभर टक्के, अँटेनाला पंचवीस. म्हणून जाणते तंत्रज्ञ या झोनच्या त्रिज्येचा निदान ६० टक्के भाग मोकळा ठेवतात. आपल्या उदाहरणात रेषेपासून तीन मीटर.

हे गणित मांडणारा ऑगस्टीन फ्रेनेल मुळात रस्त्यांवर काम करणारा फ्रेंच सरकारी इंजिनिअर. १८१८ मध्ये त्यानं पॅरिसच्या अकादमीपुढे प्रकाश लहरींचा आहे असं मांडलं, तेव्हा गणितज्ञ प्वासाँनं टोमणा मारला: मग गोल चकतीच्या सावलीच्या मधोमध उजेडाचा ठिपका दिसायला हवा! आरागो या शास्त्रज्ञानं प्रयोग करून पाहिला. ठिपका होता. फ्रेनेल जुलै १८२७ मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी गेला. येत्या सिंहस्थाच्या पर्वण्या त्याच्या मृत्यूच्या द्विशताब्दीला लागूनच आहेत.

आता नाशिकची अडचण. आपला सिंहस्थ भर पावसाळ्यात. जागेची पाहणी एप्रिलमध्ये केली, तर रस्त्याकडेचा गुलमोहर जवळपास बोडका असतो. ऑगस्टमध्ये तोच गुलमोहर पानांनी गच्च आणि वर पाण्यानं निथळणारा. पाणी या लहरी शोषतं. असं एखादं डेरेदार झाड वाटेत आलं तर शक्ती दहाव्या हिश्शावर येऊ शकते. दोष मात्र पावसाला मिळतो! खरं तर तासाला ५० मिलिमीटरच्या धुवाधार पावसातही ५.८ गिगाहर्ट्‌झची शक्ती किलोमीटरमागे दहा टक्क्यांच्या आतच घटते. ६० गिगाहर्ट्‌झच्या नव्या, ‘सुपरफास्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रांची शक्ती मात्र त्याच पावसात किलोमीटरमागे पन्नासाव्या भागावर येते. विक्रेत्याला हे नक्की विचारा.

सगळ्यात मजेशीर भाग गोदावरीचा. नदीच्या कडेनं ६०० मीटरची लिंक आहे, एक अँटेना पाण्यापासून १० मीटरवर, दुसरा १५ मीटरवर. एक लहर सरळ येते, दुसरी पाण्यावर आपटून. इतक्या तिरक्या कोनात पाणी जवळजवळ आरसाच असतं, चार बोटांच्या लाटांनीही फरक पडत नाही. दोन वाटांमधला फरक सुमारे दोन्ही उंच्यांच्या गुणाकाराची दुप्पट भागिले अंतर: इथे अर्धा मीटर. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि पाणी एक फूट चढलं की दोन्ही उंच्या तेवढ्यानं कमी होतात आणि हा फरक सुमारे अडीच सेंटिमीटरनं बदलतो. पुन्हा तीच अर्धी लहर! साथ देणाऱ्या लहरी एकमेकींना खोडायला लागतात. आणखी फूटभर पाणी चढलं की पुन्हा जुळतात. यंत्र बिघडलेलं नाही, आकाश निरभ्र आहे, आणि नाशिककर ज्याच्यावरून पूर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या पायांशी पाणी चढत असताना चित्र येतंय-जातंय. उपाय जुना आणि साधा आहे: त्याच खांबावर वेगवेगळ्या उंचीवर दोन अँटेना. एकापाशी लहरी एकमेकींना खोडतात तेव्हा दुसरा सहसा शाबूत असतो.

शक्ती घटली की रेडिओ एकदम बंद पडत नाही, हळू बोलायला लागतो. हळू बोलणारा हवेतली वेळ जास्त खातो, म्हणून त्याच अँटेनावरचे बाकी कॅमेरेही रखडतात. त्यात व्हिडिओ आकुंचित करताना चित्रातला बदललेला भागच पाठवतात. रिकाम्या घाटाचं चित्र स्वस्त, हलत्या गर्दीचं महाग. म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच नळी सगळ्यात भरलेली.

यावर ‘एआय आहे ना’ हे उत्तर नव्हे. न पोचलेल्या चित्रातून एआयला काही कळत नाही. उद्घाटनाला खांबाशी नारळ फोडा, हरकत नाही. लिंबू-मिरची तेवढी अँटेनाच्या तोंडावर बांधू नका, लिंबातही पाणीच असतं.

आणि सिग्नलसाठी झाडं छाटा असं कुणी सुचवलं, तर तपोवनातल्या झाडांवरून २०२५ च्या अखेरीस शहरात काय वादंग झालं ते आठवावं. खांब तीन मीटरनं उंच करणं कितीतरी स्वस्त पडतं. जिथे तेही जमत नाही, त्या मोजक्या जागी खोदून फायबरच टाकावी. नागरिकांनी माहितीच्या अधिकारात विचारण्यासारखा प्रश्न मला एकच वाटतो: लिंकची पाहणी कोणत्या महिन्यात केली?