वळिवडे कॅम्पमागचा सेनापती : जनरल अँडर्स

ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात गेले, तेव्हा कोल्हापूरचे नाव असलेले एक स्मारक बातम्यांत दिसले. वळिवडे-कोल्हापूर छावणीची ती स्मृतिफलक-शिळा २०१७ मध्ये बसवलेली आहे. ती आहे वॉर्सातल्याच माँटे कॅसिनो युद्धस्मारकाच्या जवळ. इटलीतल्या डोंगरावरची लढाई आणि पंचगंगेच्या खोऱ्यातली पोलिश निर्वासितांची वसाहत, या दोन्हींना जोडणारा माणूस म्हणजे जनरल व्वादिस्वाव अँडर्स. आपल्याकडे वळिवड्याची गोष्ट बहुतेक वेळा थेट कोल्हापुरातून सुरू होते. ती माणसे सैबेरियातून सुटली कशी, हा भाग राहून जातो.

अँडर्स यांचा जन्म ११ ऑगस्ट १८९२ चा. तेव्हा पोलंड नकाशावर नव्हता आणि त्यांचे गाव रशियन साम्राज्यात होते. घराणे मूळचे बाल्टिक जर्मन, प्रोटेस्टंट. पहिल्या महायुद्धात ते झारच्या घोडदळात लढले. पोलंड स्वतंत्र झाल्यावर १९१९-२० च्या बोल्शेविकांविरुद्धच्या युद्धात त्यांनी पोझनानच्या उलान पलटणीचे, म्हणजे भालाधारी घोडदळाचे, नेतृत्व केले. १९२६ मध्ये मार्शल पिवसूदस्की यांनी बंड करून सत्ता घेतली, तेव्हा अँडर्स सरकारच्या बाजूने उभे राहिले. तरीही पुढे त्याच पिवसूदस्कींच्या काळात, १९३४ मध्ये, ते जनरल झाले. रशियन त्यांना उत्तम येत होते, आणि पुढे क्रेमलिनमध्ये त्याचा उपयोग झाला.

सप्टेंबर १९३९ मध्ये त्यांच्याकडे नोवोग्रुदेक घोडदळ ब्रिगेड होती. जर्मनांशी झुंजत ती दक्षिणेकडे सरकत होती आणि हंगेरीची सरहद्द गाठण्याचा बेत होता. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून लाल सेना घुसली आणि ती वाटही बंद झाली. जखमी अँडर्स महिनाअखेरीस सोव्हिएत सैन्याच्या हाती लागले. आधी ल्वूवचा (आजचे ल्विव) तुरुंग, मग मॉस्कोतले लुब्यांका, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांचा तुरुंग. बाहेर १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधली कुटुंबे मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तान आणि अर्खांगेल्स्कच्या जंगलांत पाठवली जात होती. सोव्हिएत कागदांतला आकडाच तीन लाखांच्या वर जातो.

जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला आणि फासे पालटले. ३० जुलैला लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचे पंतप्रधान सिकोर्स्की आणि सोव्हिएत राजदूत मायस्की यांचा करार झाला. पोलिश कैद्यांना ‘माफी’ मिळाली. गुन्हा कोणता, हे मात्र कोणी सांगितले नाही. ४ ऑगस्टला अँडर्स लुब्यांकातून बाहेर पडले आणि सोव्हिएत भूमीवर उभ्या राहणाऱ्या पोलिश सैन्याचे सरसेनापती झाले.

मुख्यालय बुझुलुकला, छावण्या तातिश्चेवो आणि तोत्स्कोये येथे. हिवाळ्यात माणसे कापडी तंबूंत राहत होती. भरतीला येणाऱ्यांच्या पायांत चिंध्या गुंडाळलेल्या, अंगावर उवा, आणि उवांबरोबर टायफस. शिवाय तरुण एकटा येत नसे. मागून आई, बहिणी, अनाथ पोरे येत, कारण जिथे सैन्य तिथे भाकरी, हे सर्वांना कळले होते.

इथून पुढची सगळी कथा शिध्याच्या हिशेबाची आहे. नोव्हेंबर १९४१ मध्ये सोव्हिएत बाजूने ३०,००० जणांचा शिधा ठरवला, तेव्हा छावणीत ४०,००० हून जास्त सैनिक होते. ३ डिसेंबरला सिकोर्स्की आणि अँडर्स स्टालिनला भेटले. सैन्याची मर्यादा ९६,००० वर गेली आणि २५,००० जणांना इराणमार्गे बाहेर नेण्यास होकार मिळाला. याच बैठकीत बेपत्ता पोलिश अधिकाऱ्यांचा प्रश्न निघाला. सुमारे ४,००० नावांची यादी समोर ठेवली. ते मांचुरियात पळाले असतील, असे उत्तर स्टालिनने दिले. सैन्य उभारायचे तर कॅप्टन, मेजर हवेत, आणि नेमके तेच येत नव्हते. १९४० च्या वसंतातच सोव्हिएत गुप्त पोलिसांनी त्यांना गोळ्या घातल्या होत्या. कातिनचे जंगल आणि इतर ठिकाणी मिळून बळींची संख्या जवळपास २२,००० होती.

१९४२ च्या सुरुवातीला सैन्य उबदार हवामानासाठी ताश्कंदच्या बाजूला, यांगी-यूलला हलले. थंडी गेली, पण मलेरिया आणि हगवण आली. मार्चमध्ये शिधा एकदम २६,००० वर उतरवला गेला; सैनिक त्याच्या अडीच पटींहून जास्त होते. अमेरिकेचा गहू येत नाही, ही सबब होती. १८ मार्चला अँडर्स पुन्हा स्टालिनसमोर बसले. ४४,००० चा शिधा मान्य झाला आणि उरलेल्यांना इराणला जाऊ द्यायचे ठरले.

ब्रिटिशांना सैनिक हवे होते. बायका-मुलांना खाऊ घालायची, ठेवायची त्यांची तयारी नव्हती. सिकोर्स्कींना सैन्याचा काही भाग रशियातच ठेवायचा होता, म्हणजे पोलंडकडे जाणारी जवळची वाट हातची जाणार नाही. अँडर्स यांचे मत साधे होते : इथे राहणारा मरेल. जे छावणीपर्यंत पोहोचले, त्यांतल्या शक्य तितक्यांना त्यांनी गाडीत आणि जहाजात चढवले. क्रास्नोव्होद्स्कहून कॅस्पियन ओलांडून पहलवी बंदर (आजचे अंझली) हा मुख्य मार्ग. मार्च-एप्रिलमध्ये सुमारे ४४,००० आणि ऑगस्टमध्ये सुमारे ७०,००० माणसे बाहेर पडली. दोन्ही खेपा मिळून साधारण तिसरा हिस्सा नागरिकांचा होता.

पहलवीच्या वाळूत छावणीचे दोन भाग केलेले होते, रोगी आणि निरोगी. उतरल्यावर अंगावरचे सगळे कपडे जाळायचे, डोकी भादरायची, गरम पाण्याने अंघोळ, मग नवे कपडे. चूक झाली ती जेवणात. दोन वर्षे उपाशी राहिलेल्या पोटांना चरबीदार मटणाचे सूप मिळाले आणि हगवणीने माणसे दगावली. भुकेल्याला भरपेट वाढणे घातक ठरते, हे तिथे महाग पडून कळले. तेहरानच्या दूलाब कबरस्तानात त्यांच्या ओळीच्या ओळी आहेत.

अँडर्सवरची टीका इथेच सुरू होते. ते निघाल्यावर मागे राहिलेल्या लाखोंसाठी दरवाजा बंद झाला. पुढे त्या लोकांतून स्टालिनने आपल्या मर्जीतले दुसरे पोलिश सैन्य उभारले. आरोप खोटा नाही. पण २६,००० च्या शिध्यात सगळ्यांना जगवण्याचा दुसरा मार्ग टीकाकारांनीही दाखवलेला नाही.

इराक आणि पॅलेस्टाइनमध्ये या हाडांच्या सापळ्यांचे सैन्य झाले. पॅलेस्टाइनमध्ये सुमारे ३,००० ज्यू सैनिक सैन्य सोडून गेले. त्यांचा पाठलाग करायचा नाही, अशी अँडर्सची भूमिका होती. १९४३ मध्ये दुसरी पोलिश कोअर तयार झाली. तिसरी कार्पेथियन डिव्हिजन, पाचवी क्रेसोवा डिव्हिजन आणि एक रणगाडा ब्रिगेड मिळून सुमारे ५०,००० माणसे, ब्रिटिश आठव्या आर्मीच्या हुकमाखाली. (तोफगोळे वाहणाऱ्या एका कंपनीत ‘वोयतेक’ नावाचे इराणी अस्वल होते. जहाजावर प्राण्यांना बंदी, म्हणून त्याची शिपाई म्हणून नोंद केली.)

२४ मार्च १९४४ ला आठव्या आर्मीचे सेनापती जनरल लीज यांनी विचारले, माँटे कॅसिनो घ्याल का? अँडर्सनी काही मिनिटांत होकार दिला आणि वरिष्ठ सोस्नकोव्स्की यांना न विचारल्याबद्दल बोलणी खाल्ली. त्याआधीच्या तीन लढाया तिथे फसल्या होत्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये चौथ्या भारतीय डिव्हिजनचे राजपुताना रायफल्स आणि गुरखे त्याच उतारांवर रक्त सांडून आले होते.

अडचण माँटे कॅसिनोच्या माथ्यावरच्या मठापेक्षा त्याच्या मागच्या टेकड्यांची होती. ५९३ क्रमांकाची टेकडी मठाहून उंच. ती, आल्बानेता वाडी, ‘भूत-धार’ आणि सांत आंजेलो यांवरून जर्मन छत्रीधारी सैनिक एकमेकांना माऱ्याने झाकत. एक टेकडी घेतली की बाकीच्या तीन तुमच्यावर आग ओकणार, म्हणून सगळ्या एकदम दाबाव्या लागत. खडकात खंदक खणता येत नाही, नुसते दगड रचून आडोसा करायचा. रसद रात्रीच न्यायची : आधी ट्रक, मग जीप, मग खेचरे, शेवटचा चढ माणसाच्या पाठीवर. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून बुटांना चिंध्या. पायवाट रणगाड्याला पुरेल इतकी रुंद करायचे काम पोलिश सॅपर्सनी, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या सैनिकांनी, शत्रूच्या डोळ्यांखाली केले.

११ मेच्या रात्री ११ वाजता तोफा सुरू झाल्या आणि १ वाजता पायदळ निघाले. हल्ला फसला. त्या रात्री जर्मन तुकड्यांची अदलाबदल चालू असल्याने समोर नेहमीपेक्षा जास्त सैनिक होते. गोळ्यांनी टेलिफोनच्या तारा तुटल्या, वायरलेसवाले मेले, भूत-धारेवर पलटणींची गर्दी झाली आणि कोण कुठे आहे हे मागे कळेना. दुपारी अँडर्सनी माघार घ्यायला लावली. दुसऱ्या हल्ल्याला माणसे कमी पडली, तेव्हा ड्रायव्हर आणि मेकॅनिक यांच्या हाती रायफली दिल्या. देशच ताब्यात नाही, तर भरती कुठून आणणार? जर्मनांनी सक्तीने भरती केलेले पोलिश तरुण कैद होऊन आपल्याकडे येतील, असा अँडर्सचा हिशेब होता, आणि तो खरा ठरला. दुसरा हल्ला १७ मेच्या सकाळी झाला. दरम्यान खालच्या खोऱ्यात ब्रिटिश आणि आठवी भारतीय डिव्हिजन पुढे सरकली होती, त्यामुळे जर्मनांना वेढ्याची भीती होती. १८ मेच्या सकाळी पोदोल्स्की लान्सर्सची तुकडी रिकाम्या होत चाललेल्या मठात शिरली. ९२३ पोलिश मेले, २,९३१ जखमी झाले, ३४५ बेपत्ता.

पुढे इटलीतलीच आंकोना आणि बोलोन्या. ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवरच्या हल्ल्यात पोलिश कोअरच्या बाजूलाच आठवी भारतीय डिव्हिजन होती. त्याच दिवशी, त्याच नदीच्या बांधावर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला.

पण तोवर मित्रराष्ट्रांच्या याल्टा परिषदेत कर्झन रेषेच्या (१९२० मध्ये ब्रिटिशांनी सुचवलेल्या पोलंड-रशिया सरहद्दीच्या) पूर्वेकडचा पोलंड स्टालिनला देऊन झाला होता. अँडर्सचे बहुतेक सैनिक नेमके त्याच भागातले. अँडर्सनी सैन्य आघाडीवरून काढून घेण्याची मागणी केली, शेवटी समजूत पटून ते लढत राहिले. १९४६ मध्ये वॉर्सातल्या साम्यवादी सरकारने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. १२ मे १९७० ला ते लंडनमध्ये वारले. त्यांना पुरले माँटे कॅसिनोच्या पोलिश कबरस्तानात, हजाराहून जास्त सैनिकांच्या सोबत.

पहलवीला उतरलेले नागरिक आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड असे विखुरले. भारतात मुलांसाठी जामनगरजवळ बालाचडीची छावणी होती. कराचीमार्गे आलेल्या सुमारे ५,००० जणांसाठी १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात वळिवड्याची वसाहत उभी राहिली : बराकी, शाळा, चर्च, दवाखाना. त्यात बायका, मुले आणि म्हातारी माणसेच जास्त, कारण धडधाकट पुरुष अँडर्सच्या सैन्यात होते. १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली. ज्यांचा नवरा, बाप किंवा मुलगा त्या सैन्यात होता, त्यांना सैनिकाचे नातलग म्हणून इंग्लंडचे जहाज मिळाले. फार थोडी माणसे पोलंडला परतली. बाकीच्यांची गावे आता सोव्हिएत युनियनमध्ये होती.