किशोर स्वयंसेवक व्हायचंय? संग्रहालयाचा अर्ज नेमका कुठे अडतो

मुंबईतल्या आमच्या छोट्या कलासंग्रहालयात दर वर्षी जून ते नोव्हेंबर शाळा-कॉलेजची मुलं शनिवारी स्वयंसेवक म्हणून येतात. पाहुण्यांना दालन दाखवतात, लहानांच्या कार्यशाळा सांभाळतात, जुनी मुलं नव्यांना शिकवतात. अर्ज मी तपासते. चित्रकला येत नाही म्हणून आजवर कोणाला नाकारलेलं नाही, तेव्हा एलिमेंटरी-इंटरमिजिएटची प्रमाणपत्रं जोडू नका. परत जातात ते अर्ज कागदांपायी.

सगळ्यात जास्त अडतं ते बोनाफाईड, म्हणजे शाळेत शिकत असल्याचा दाखला. अर्जाची मुदत 20 मे, आणि मे महिन्यात शाळा बंद. आठवी-नववीच्या मुलांनी ते एप्रिलमध्ये, कारकून जागेवर असेपर्यंत घेऊन ठेवावं. दहावीवाल्यांची गत त्याहून वाईट. शाळा म्हणते, तू आता आमचा नाहीस. कॉलेज तर अजून मिळालेलंच नाही. अकरावीचे प्रवेश ऑनलाइन, याद्या लागायला वेळ. म्हणजे ऐन अर्जाच्या दिवसांत हे मूल कुठलंच विद्यार्थी नसतं! नियम करणाऱ्यांच्या हे कधी लक्षात आलं नसावं. सध्याची वाट अशी: दहावीच्या हॉल तिकिटाची प्रत जोडा आणि सोबत 'अकरावीत प्रवेश घेणार आहे' असं साध्या कागदावर लिहून द्या. कॉलेजची फीची पावती जुलैअखेर आणली तरी चालते. हे अर्जावर छापलेलं नाही, विचारणाऱ्यालाच कळतं.

वयाचं गणित नीट वाचा. 1 जूनला 14 पूर्ण हवीत आणि 30 नोव्हेंबरपर्यंत 18 पूर्ण होता कामा नयेत. ऑक्टोबरात अठरावा वाढदिवस असलेली मुलं 'आत्ता तर सतराच आहे' म्हणत अर्ज करतात आणि हिरमुसून जातात. त्यांच्यासाठी प्रौढ स्वयंसेवकांचा अर्ज वेगळा आहे, तो भरा.

जन्मतारखेसाठी आधार चालत नाही, ते ओळखीपुरतं. जन्मदाखला द्या, किंवा शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर तारीख अंकी आणि अक्षरी दोन्ही असते. मूळ दाखला मात्र देऊ नका, तो कॉलेजला लागतो. आणि आधार पंधराव्या वर्षी अपडेट करायचं असतं, ते करून टाका. मागच्या वर्षी एका मुलाच्या कार्डावर कपाळाला तीट लावलेलं बाळ होतं. वॉचमन एकदा कार्डाकडे, एकदा त्याच्या कोवळ्या मिशीकडे बघत राहिला.

आता संमतीपत्र. अर्जदार कायद्याने अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला, म्हणून आई किंवा वडिलांची सही लागते. ते नसतील तर कायदेशीर पालकाची. मामाची, काकूची, क्लासच्या सरांची नाही. मेमध्ये आई-वडील गावी असतात आणि मुलगा सहीचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवतो. आम्हाला मूळ सही लागते. फोटो चालायला काय हरकत आहे, हे मलाही कळत नाही, पण विश्वस्तांपुढे माझं चालत नाही. गाडीत बसण्याआधी त्यांच्याकडून सही घेऊन ठेवा.

मुदत म्हणजे अर्ज आमच्या हातात पडण्याची तारीख. स्पीड पोस्टच्या पावतीवर 20 तारीख असून उपयोग नाही. हाती आणून देणार असाल तर साप्ताहिक सुट्टी बघून निघा. ती प्रत्येक संग्रहालयाची वेगळी असते: भायखळ्याचं भाऊ दाजी लाड बुधवारी बंद, फोर्टातलं आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी. आम्हीही सोमवारी बंद.

फोटो दोन, फी काही नाही.

शेवटी 200 शब्दांचं टिपण. अर्जात त्याच्या विषयात 'नेतृत्व' हा शब्द दिसला की मुलं वर्गाचा मॉनिटर होतो इथून सुरुवात करतात. आम्हाला हवं ते एवढंच: कुठलंही एक चित्र किंवा मूर्ती प्रत्यक्ष बघा आणि ती न पाहिलेल्या आपल्या आजीला सांगितल्यासारखी लिहा. मराठीत लिहिलं तरी गुण कमी होत नाहीत. निवडलेल्यांना जूनच्या पहिल्या रविवारी भेटायला बोलावतो. त्या दिवशी मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते आदल्या रात्रीच बघून ठेवा.