गायतोंडेंच्या चित्रात उजेड येतो कुठून?

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडेंचं नाव निघालं की हल्ली लोक आधी लिलावातले कोटींचे आकडे सांगतात आणि मूळ गोष्ट बाजूलाच राहते, ती म्हणजे त्या चित्रांतला उजेड. तो एका दिवसात आलेला नाही.

जन्म 1924 चा नागपूरचा, घराणं गोव्याचं, वाढले गिरगावातल्या चाळीत. मुंबईच्या जे. जे. या कलाशाळेतून 1948 ला डिप्लोमा. तिथलं मुख्य शिक्षण ब्रिटिश वळणाचं, म्हणजे उजेड एका बाजूने येणार, दुसऱ्या बाजूला सावली पडणार आणि त्यातून नाकडोळे घडणार. पण त्याच कॉलेजात अहिवासी मास्तर भारतीय पद्धतीचं चित्रही शिकवायचे, आणि बसोलीसारख्या पहाडी शैलीतल्या लघुचित्रांत असा एका बाजूचा उजेड नसतो, पिवळा म्हणजे सपाट पिवळा, तो स्वतःच्याच जोरावर झळकतो. मला वाटतं खरी सुरुवात इथे आहे. गायतोंडेंनी ही लघुचित्रं बारकाईने अभ्यासली, मग त्यातली माणसं काढून टाकली आणि रंगांची मांडणी तेवढी ठेवली. पुढे पॉल क्ले हा युरोपियन चित्रकार आवडला, झेन हा बौद्ध विचार आला आणि पन्नासचं दशक संपता संपता चित्रातून ओळखीचे आकार गेलेच.

आता कामाची रीत बघा. ते तैलरंग रोलरने पातळ पसरायचे, पॅलेट नाइफने, म्हणजे रंग कालवायच्या बोथट सुरीने, काही भाग खरवडून काढायचे, नंतरच्या काळात फाटलेले कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलायचे, म्हणजे रंग काही ठिकाणी उतरायचा आणि काही ठिकाणी राहायचा. रंगाचा थर पातळ असला की बाहेरचा उजेड त्यातून आत शिरतो, खालच्या फिक्या थरावर आपटतो आणि रंग घेऊन परत येतो, म्हणून चित्र आतून उजळल्यासारखं दिसतं. जाड रंग थापला असता तर हे झालंच नसतं. प्रत्येक थराला वाळायला वेळ द्यायचा, त्यात विचार करायला त्याहून जास्त वेळ, त्यामुळे वर्षाला मोजकीच चित्रं व्हायची.

1964 ला रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले. तिथल्या मार्क रॉथको या अमूर्त चित्रकाराचा प्रभाव असं सरसकट लिहिलं जातं, ते मला अर्धंच पटतं, कारण रोलर त्यांच्या हातात त्याआधीच आला होता. तिकडे जाऊन धीर वाढला असेल, पण दिशा मुंबईतच ठरलेली, जे. जे. आणि भुलाभाई इन्स्टिट्यूट या कलावंतांच्या केंद्रातल्या दिवसांत.

1972 ला दिल्लीला गेले. 1984 च्या अपघातानंतर बरीच वर्षं मोठा कॅनव्हास झेपेना, तेव्हा कागदावर शाईने लहान कामं केली आणि तिथे उजेडासाठी फक्त कागदाचा पांढरा हाताशी होता. नंतर ते पुन्हा तैलरंगाकडे आलेच.